तिसऱ्या उन्हाळ्याचं तिकीट

कसाऱ्याहून खोडाळ्याकडे निघालं की वाटेत विहीगावचा धबधबा लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे अशी गर्दी असते, की पाण्याच्या आधी हॉर्नचाच आवाज कानी पडतो. धबधबा विहीगावचा असला, तरी लोक त्याला ‘अशोका’ म्हणतात. सम्राट अशोक या मुलखाला परका नव्हे. पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. पण धबधब्याचं बारसं त्याने केलेलं नाही. २००१ साली शाहरुख खानचा ‘अशोका’ सिनेमा आला, त्यातल्या एका गाण्याचं चित्रीकरण इथे झालं, आणि शूटिंगवाले सामानसुमान आवरून गेल्यावर नाव तेवढं मागे राहिलं. दगडातल्या अशोकाला बावीसशे वर्षांत जे जमलं नाही, ते पडद्यावरच्या अशोकाने एका गाण्यात करून दाखवलं.

तेव्हा प्रसिद्धीत ताकद असते हे मला मान्य आहे. ती पाण्याचं नाव बदलू शकते. पाण्याची वाट बदलू शकते का, एवढीच शंका आहे, आणि ही शंका घेऊन मी खोडाळ्याच्या पुढे सूर्यमाळपर्यंत जाऊन आलो. मोखाडा तालुक्यातलं हे उंचावरचं गाव. हवा थंड, आजूबाजूला जंगल, रात्री आभाळ चांदण्यांनी गच्च. पृथ्वी वाचवावी असं वाटायला जागा उत्तम. मुंबईत बसून पृथ्वी वाचवायची म्हटलं, की आधी ती दिसावी लागते.

पृथ्वी वाचवण्यासाठी गाण्याचा कार्यक्रम करायची कल्पना कोणी काढली हे सांगणं अवघड आहे, पण तिचं गोत्र मात्र आपल्या घरचं आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. १९८५ साली इथिओपियातल्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाला. त्यात एक सोय होती. भुकेल्या माणसाला धान्य पाठवता येतं, आजाऱ्याला औषध पाठवता येतं. तिकिटाचे पैसे गोळा झाले की पुढे काय करायचं, हा प्रश्न निदान तत्त्वतः सुटलेला असतो. तापलेल्या हवेला काय पाठवायचं? तिला मनीऑर्डर करता येत नाही. मग ठरलं, की पैशांऐवजी जागृती गोळा करायची. जागृतीची पावती द्यावी लागत नाही, हा तिचा मोठाच फायदा.

७ जुलै २००७ रोजी ती जगभर गोळा झाली. तारीखही सात-सात-सात अशी गोळीबंद. अल गोर यांच्या पुढाकाराने ‘लाइव्ह अर्थ’ नावाचे कार्यक्रम सिडनीपासून रिओपर्यंत एकाच दिवशी झाले. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळावरच्या शास्त्रज्ञांनीही आपला बँड वाजवला. मला त्या मंडळींचं कौतुक वाटतं. पृथ्वी तापते आहे हे ज्यांनी मोजलं, त्यांनाच गाणंही म्हणावं लागलं. गंमत म्हणजे पहिली शंका गायक-वादकांनीच काढली. ‘द हू’चे गायक रॉजर डॉल्ट्री यांनी, पृथ्वीला सध्या रॉक कॉन्सर्टची गरज सगळ्यांत कमी आहे, अशा अर्थाचं काहीतरी जरा रांगड्या शब्दांत सांगितलं. ‘आर्क्टिक मंकीज’च्या ड्रमरने तर हिशेबच मांडला: आमच्या नुसत्या दिव्यांना दहा घरांची वीज लागते, आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? नावात आर्क्टिक असलेल्या मंडळींनी असं म्हणावं, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

मुंबईतही हा कार्यक्रम ठरला होता. ७ डिसेंबर २००८ ही तारीख, गायला बॉन जोव्ही, सोबत अमिताभ बच्चन, आणि उत्पन्नातून खेड्यांसाठी सौरदिवे. २६ नोव्हेंबरला शहरावर हल्ला झाला आणि कार्यक्रम रद्द करावा लागला. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पण त्या बेतातला सौरदिवा माझ्या डोक्यात राहिला. वीज खाणारा भलामोठा मंच उभारायचा, का, तर वीज नसलेल्या घरात एक छोटा दिवा लागावा. हा प्रवास सरळ रस्त्याने का होत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

खोडाळ्याच्या एका टपरीवर मी सहज विषय काढला, की समजा सूर्यमाळला असा कार्यक्रम ठेवला तर? टपरीवर चहा करणाऱ्या मावशी, एक जीपवाला आणि आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, एवढी समिती जमली होती.

“गाणं कशासाठी?” मावशींनी विचारलं.

“हवा तापत चाललीय, त्यासाठी.”

“मग मुंबईत करा ना. तिथं जास्त तापते.”

जीपवाल्याचं डोकं व्यवहारी. त्याने विचारलं, ट्रक किती येतील? मी म्हटलं, मोठा कार्यक्रम असेल तर चाळीस-पन्नास. तो हसला. “घाटात एसटीसमोर ट्रक आला तर एकाला पाठी जावं लागतंय, भाऊ. पन्नास ट्रक चढेपर्यंत तुमचा गायक म्हातारा व्हायचा.” गुरुजींनी विजेचं विचारलं. जनरेटर आणू, मी म्हटलं. “म्हणजे डिझेल,” गुरुजी शांतपणे म्हणाले आणि बशीतला चहा प्यायले. मार्चअखेरीस जगभर ‘अर्थ अवर’ पाळतात, तासभर दिवे मालवतात, हे मी त्यांना सांगितलं. २००७ साली सिडनीत सुरू झालेला हा उपक्रम २००९ साली भारतात आला, तेव्हा आमिर खान त्याचा चेहरा होता, हेही सांगितलं. “तासच?” मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे पहिला वळीव पडला की लाइट जाते ती कधी येईल ते कोणी सांगत नाही, आणि त्यासाठी नट लागत नाही.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. हजारो माणसं येणार, ती पाणी पिणार, हात धुणार, आणखीही काही करणार. “टँकर मागवू,” मी म्हटलं. समिती गप्प झाली. मग मावशींनी विचारलं, “आमच्या पाड्याचा की दुसरा?”

इथे थोडं पाण्याचं सांगायला हवं, कारण ते विनोदात बसत नाही आणि विनोदाबाहेरही राहत नाही. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. पण जमीन उताराची, खाली काळा कातळ. पाणी आलं तसं निघून जातं. मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि पाड्यांवर टँकर सुरू होतात. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बाया ते पुन्हा दोरीने उपसतात. याच तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच. त्यातून मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळावं अशी योजना. त्याच नदीवर खाली मोडक सागर १९५७ पासून आहे, वर इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा. म्हणजे मुंबईत पृथ्वी वाचवण्याचा कार्यक्रम होतो तेव्हा मुंबईकर प्रेक्षक ज्या पाण्याने अंघोळ करून, अत्तर लावून घरून निघतो, त्यात इकडच्या डोंगरांचा वाटा असतो. पाहुणा म्हणून सूर्यमाळला बोलवायची गरज नाही. ती न बोलावता दरवेळी हजर असते.

मुंबईतल्या अशाच एका कार्यक्रमाला प्रवेश मिळवायची रीत मला फार आवडली होती. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी बीकेसीच्या मैदानावर ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सव झाला. विषय शिक्षण, समता आणि स्वच्छता. बऱ्याच लोकांनी तिकीट विकत न घेता ‘कमावलं’ होतं. फोनवर एखाद्या मागणीला पाठिंबा द्यायचा, संदेश पाठवायचा, गुण साठवायचे. पुण्याचा इतका सुटसुटीत हिशेब चित्रगुप्तालाही जमला नसता. वारीला जाणारा माणूस अडीचशे किलोमीटर चालतो आणि तरी देव भेटेलच याची खात्री देत नाही. इथे अंगठा दोन इंच सरकला की कोल्डप्ले.

कोल्डप्लेचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या आंब्यांचं सांगतो. २००२ साली त्यांचा एक अल्बम आला. त्याच्या निर्मितीतून झालेलं प्रदूषण भरून काढायला कर्नाटकात आंब्याची दहा हजार रोपं लावायची असं जाहीर झालं. कल्पना गोड होती, फळही गोड निघायला हवं होतं. २००६ साली एका ब्रिटिश वर्तमानपत्राने चौकशी केली तर बरीच रोपं मेलेली. कारण अगदी साधं होतं. ज्या शेतकऱ्यांना रोपं मिळाली, त्यांच्याकडे घालायला पाणी नव्हतं. लंडनमध्ये बसून आंबा लावणाऱ्याला रोप दिसतं. हंडा दिसत नाही.

बँडने त्यातून काही घेतलं असावं. २०१९ साली त्यांनी सांगितलं, की पर्यावरणाला झेपेल असा दौरा कसा करायचा ते कळेपर्यंत आम्ही दौऱ्यावर निघत नाही. २०२२ पासूनच्या दौऱ्यात त्यांनी उड्या मारल्या की वीज तयार होईल अशी जमीन आणली, पॅडल मारून वीज देणाऱ्या सायकली आणल्या. २०२४ साली जाहीर केलं, की आधीच्या दौऱ्याच्या तुलनेत दर कार्यक्रमामागचं उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटलं. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एवढा हिशेब ठेवणारे फार थोडे. पण मंचावरचं गणित कितीही चोख केलं, तरी मंचासमोर माणसं यायचीच असतात. जानेवारी २०२५ मध्ये ते नवी मुंबईत तीन दिवस वाजवून अहमदाबादला गेले, तेव्हा रेल्वेला मुंबईहून खास गाड्या सोडाव्या लागल्या. गाड्या पालघर जिल्ह्यातूनच धावल्या. तिकिटांसाठी लाखो माणसं ऑनलाइन रांगेत उभी होती, आणि काळ्या बाजारात एका तिकिटाला जो भाव आला, त्यात एखाद्या पाड्याच्या विहिरीचा गाळ निघाला असता.

कोल्डप्लेच्या त्या आंब्यांसमोर मला जव्हार-मोखाड्याचे आंबे ठेवावेसे वाटतात. मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ संस्थेने या भागात वाडीचा कार्यक्रम राबवला. आदिवासी शेतकऱ्याच्या एकरभर जमिनीत आंबा आणि काजू, कडेने जंगली झाडांचं कुंपण, आणि सुरुवातीचे उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून जगवणं. दिवाळी उलटली की इथली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. झाड जगलं तर माणूसही गावात टिकेल, हा त्यामागचा विचार. यात एकही गाणं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात रोप हाती लागेल असं वाटत नाही, दुसऱ्यात ते धुगधुगी धरतं, तिसऱ्यात ते आपलं आपण उभं राहायला लागतं. प्रसिद्ध माणसाकडे रोपासाठी एक दिवस असतो. रोपाला तीन उन्हाळे लागतात. सगळी अडचण या हिशेबातली आहे.

त्यातून तो एक दिवसही नेमका चुकतो. स्टॉकहोमची परिषद १९७२ साली ५ जूनला सुरू झाली, म्हणून पर्यावरण दिन ५ जून. आपला मृग लागतो ७ जूनच्या आसपास. जागतिक समुदायाने दोन-तीन दिवस धीर धरला असता तर आपल्याकडची कितीतरी रोपं कोरड्या मातीत जाण्यापासून वाचली असती. इकडचा शेतकरी राब भाजून, आगोट भरून आभाळाकडे पाहत बसलेला असतो, तेव्हा रस्त्याकडेला पाहुण्यांच्या हस्ते रोप मातीत जातं आणि फोटो निघतो. फोटोला पाणी लागत नाही.

सरकारही या बाबतीत नटांहून मागे नाही. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी झाडं लावायची ठरली, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. आकडा देवांच्या संख्येला जाऊन भिडला तेव्हा मी निश्चिंत झालो. प्रत्येक देवाच्या वाट्याला एक झाड आलं. आता पाणी घालायचं त्यांनी बघावं.

अशोकाकडे मात्र ही चूक दिसत नाही. आपण रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया केल्या, हे त्याने शिलालेखांत नोंदवून ठेवलंय, आणि लगेच पुढे विहिरी खोदल्याचंही सांगितलंय. झाडाबरोबर विहीर. प्रसिद्धीची हौस त्यालाही कमी नव्हती, नाहीतर इतके दगड कोरले नसते. पण दगडावर आधी काम उतरलेलं होतं.

यावरून प्रसिद्ध माणसांनी चांगल्या कामापासून लांब राहावं असं कोणी काढू नये. पोलिओचं उदाहरण ताजं आहे. अमिताभ बच्चन टीव्हीवरून आयाबापांना अक्षरशः रागावत होते. १३ जानेवारी २०११ ला देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण बच्चन रागावले त्या रविवारी अंगणवाडीच्या ताई बर्फाचा डबा खांद्याला लावून, ओढे ओलांडून पाड्यावर पोचलेल्या होत्या. आवाज एकाचा होता, पाय लाखोंचे होते. पाय नसते तर आवाज घरात घुमून परत गेला असता. आमिर खानच्या ‘पानी फाउंडेशन’ने २०१६ साली तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू केला, तेव्हाही तेच झालं. भर उन्हाळ्यातले ४५ दिवस गावांनी स्वतः कुदळ-फावडं चालवायचं. पहिल्या वर्षी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं. नुसतं खणून पाणी किती मुरतं, यावर जाणकारांनी आक्षेप घेतले, ते ऐकण्यासारखे आहेत. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. त्या उपक्रमात खुर्च्या नव्हत्या. बघायला आलेल्याच्या हाती घमेलं यायचं. प्रसिद्धी ही वरातीतल्या बँडसारखी असते. ती गाव गोळा करते, पण संसार बँडवाल्यांनी करायचा नसतो आणि वऱ्हाडानेही नुसतं नाचून चालत नाही.

खुर्च्या नसण्यावरून तारप्याची आठवण होते. सुक्या दुधी भोपळ्याला बांबू आणि ताडाचं पान मेणाने जोडलं की तारपा तयार. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर तो वाजवला. भात घरात आलं की रात्रभर नाच चालतो. वाजवणारा मध्ये, बाकीचे हातात हात गुंफून भोवती, आणि तारप्याकडे पाठ फिरवायची नाही एवढा एकच नियम. पाय हजारदा जमिनीवर आपटतात, वीज कोणी मोजत नाही. तारपा पृथ्वी वाचवतो असा दावा इथे कोणी करत नाही, मीही करणार नाही. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. तिथे प्रेक्षक नावाची जातच नाही. जो आला तो फेऱ्यात शिरला. आपल्या मोठ्या पर्यावरणी कार्यक्रमांत याच्या उलट असतं. एक जण मंचावरून पृथ्वीबद्दल कळवळतो, पन्नास हजार जण टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजवताना प्रत्येकाला वाटतं की पृथ्वीसाठी आपण काहीतरी केलं. ही भावना स्वस्त नसते, तिकीट चांगलंच महाग असतं; म्हणून ती खरी वाटते. आणि घरी परतल्यावर पुन्हा काही करायची निकड उरत नाही.

म्हणून सूर्यमाळच्या कार्यक्रमाचा बेत मी टपरीवरच्या समितीपुढे नव्याने मांडला. कार्यक्रम जूनमध्ये नको, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवायचा. मंच नाही, जनरेटर नाही. तीन वर्षांपूर्वी लावलेली रोपं तेवढी मोजायची, आणि जितकी जगली असतील तितक्या गायकांना गायची परवानगी. प्रवेशाला पैसे घ्यायचे नाहीत. विहिरीवरून एक हंडा भरून डोक्यावरून रोपापर्यंत नेला की माणूस आत. चुंबळ मिळेल, हंडा ज्याचा त्याने आणायचा. सेलिब्रिटींना वेगळी रांग नाही. विहिरीवर ती नसतेच.

गुरुजींना बेत पसंत पडला. जीपवाल्याने माणशी भाडं सांगितलं, तेही वाजवी होतं. मावशी म्हणाल्या, विहिरीला पाणी असेल तर करा, नाहीतर पुढच्या साली बघू.

आता नावं नोंदवायला कोण येतं ते पाहायचं. एका हंड्याच्या त्या तिकिटाचा जर काळाबाजार झाला, तर सेलिब्रिटींबद्दलच्या माझ्या सगळ्या शंका मी त्याच दिवशी मागे घेईन.